बर्चचं कवळ

३ फेब्रुवारी
मुनीरा मॅडम लंडनला लेकीकडे गेल्या. महिनाभर. काचेच्या खोलीतलं बर्च माझ्यावर सोडलंय. या वाळवंटात बारा महिने एसीत राहणारं थंड देशातलं झाड! पांढरं खोड, सालीचे पापुद्रे सुटतात. जाताना मला बजावलं, आता कात्री लावायची नाही, पालवी फुटताना कापलं की रस गळतो. उन्हाळा सरताना कापायचं, तेही मेलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्याच. हो म्हटलं. मला झाडं शिकवतात! आमच्या संगमेश्वरात माघात भाजावळीला, शेत भाजायला, पाल्याच्या फांद्यांचं कवळ तोडतो, ऐन-किंजळाची झाडं बोडकी करतो. पावसात परत गच्च.

८ फेब्रुवारी
चहा एकटीने घेतला. एरवी संध्याकाळी मॅडम आणि मी त्या झाडाखाली बसतो. त्या बोलतात, मी बोलते. बाकी या घरात माझ्याशी कोण बोलतंय? मला काय, सवय नाही कुणाची. कप मात्र दोन काढले. हात चुकतो.

११ फेब्रुवारी
ठरलं. मॅडम येईपर्यंत झाड गच्च करायचं. खूश होतील. जास्त वेळ बसतील.

१२ फेब्रुवारी, सकाळ
कोयता नाही. मटणाच्या सुऱ्याने फांद्या सपासप. शेंड्याला झुपका ठेवला, आमच्याकडे ठेवतात तसा. काय सुटसुटीत दिसतंय! बासित ड्रायव्हर दारातून म्हणाला, "दीदी, झंडा कब लगाओगी?" गाढव.

१२ फेब्रुवारी, दुपार
फरशी ओली. वाटलं एसी गळतोय. एसी नाही, झाड. प्रत्येक कापातून टपटप.

१३ फेब्रुवारी
कापांवर कणीक थापली. वाहून गेली. टेप लावली. तीही सुटली. रस चाखून बघितला, जरासा गोड. म्हणजे झाडाला काही झालेलं नाही.

२२ फेब्रुवारी
गळणं थांबलं. बघा! मॅडमचा व्हिडिओ कॉल आला, झाड दाखव म्हणाल्या. नेट मफी म्हटलं, नेटच नाही. फोन कापला.

४ मार्च
मॅडम आल्या. झाडासमोर नुसत्या उभ्या. मी म्हटलं, पावसात फुटेल. म्हणाल्या, "रत्ना, इथे पाऊस कुठला?" एवढंच. ओरडल्या असत्या तर मीही ओरडले असते, खलास झालं असतं. जिन्यावरून म्हणाल्या, चहा वर पाठव.

९ मार्च
रोज वरच चहा. पाय दुखत असतील. घरात लिफ्ट आहे, पण लिफ्टमध्येही उभं राहावं लागतंच ना.

२२ मार्च
बुंध्याशी हिरवा कोंब! धावत वर गेले. मॅडम फोनवर लेकीशी हसत होत्या. हातानेच म्हणाल्या, नंतर.
बासितला सांगितलं. मुबारक म्हणाला, गाडी पुसत राहिला.
खाली दोन्ही खुर्च्या पुसून ठेवल्यात. नंतर म्हणाल्यात. नाही म्हणाल्या नाहीत.