पिल्लांना उचलायचं नाही

मांय,

डायलनला घेऊन शाळेच्या सहलीला निघाले. तुम्हाला गाढ झोप लागलेली, म्हणून उठवलं नाही. पेज झाकून ठेवलीय, गोळी पेज खाऊनच घ्या.

काल तुम्ही रागावलात, "दर्यान बापाशीक नेल्यान, म्हणान पोराक दर्योच दाखवचो नाय काय गो?" मॅन्युएल तुमच्या पोटचा, तरी हे तुम्हीच बोललात. देव बरें करूं, मांय.

तुम्ही काढून ठेवलेली त्याची लहानपणची टोपी डायलनने घातलीय. जरा सैल होते.

आज कासवाची पिल्लं समुद्रात सोडणार आहेत. बाईंनी बजावलंय, त्यांना उचलून न्यायचं नाही, वाळूवरून त्यांचं त्यांनीच चालायचं.

मी वर सुरूच्या बनाशी उभी राहीन. डायलनचा हात धरणार नाही.

फ्लाव्हिया