अकरा अर्ज, एक हस्ताक्षर

प्रति,
मा. सरकारी अभियोक्ता,
स्थलांतरित प्रकरणे विभाग,
वॉलकट.

विषय : श्री. मिलुतिन तेशिच यांच्या अर्जातील चूक त्यांची नसून माझी असल्याबाबत.
संदर्भ : आपले दि. ३ सप्टेंबर २००७ चे आरोपपत्र.

महोदय,

मी बोस्नियातील गोर्न्ये लिप्ये गावचा निवृत्त शिक्षक, वय एकाहत्तर. आपली भाषा मला पुस्तकातून येते. चार माणसांसमोर उभा राहिलो की येत नाही. म्हणून साक्षीला उभे राहण्याऐवजी लिहीत आहे. हा भित्रेपणा आहे, हे मला कळते.

१. सन १९९८ मध्ये जर्मनीतील निर्वासितांच्या वसतिगृहात अकरा जणांचे या देशात येण्याचे अर्ज मी भरले. सर्व बोस्नियाचे, पाच सर्ब, सहा इतर. इंग्रजी वाचणारा मी एकटाच होतो. सोळाव्या प्रश्नात विचारले होते, ‘आपण सैन्यात सेवा केली आहे का?’ मी तो आमच्या भाषेत विचारला : ‘सैन्य उरकलंस का?’

२. चूक इथे झाली. आमच्याकडे ‘सैन्य उरकणे’ म्हणजे अठराव्या वर्षी सक्तीच्या भरतीत डोके भादरून बराकीत जाणे. निघताना बाप कोकरू भाजतो, पोरगा गणवेशातला फोटो घरी पाठवतो, पंधरा महिन्यांनी परत येतो. १९९२ ते ९५ च्या युद्धाला हा शब्द कोणी लावत नाही. युद्धाबद्दल आम्ही ‘रेषेवर होतो’ असे म्हणतो. मी ‘रेषेवर होतास का?’ असे विचारले असते तर अकरापैकी दहा जण हो म्हणाले असते. मिलुतिन म्हणाला असता, “रेषेवर नाही, भट्टीवर.” तो तुकडीचा पाववाला होता. अकराही अर्जांत मी एकच मजकूर लिहिला : ‘होय, युगोस्लाव सेना, पंधरा महिने.’ युद्धाबद्दल एकातही अक्षर नाही. शब्दांवर जन्म घालवलेल्या माणसाला हे तेव्हा सुचायला हवे होते.

३. आज त्या पाचही सर्बांवर युद्धातील सैन्यसेवा लपवल्याचा आरोप आहे. उरलेल्या सहांना साधे पत्रही आलेले नाही, आणि तेही युद्धात होते, दुसऱ्या बाजूच्या सैन्यांत. अर्ज तोच, उत्तर तेच, शाई तीच. फरक फक्त आडनावांचा. आपल्या हाती एकाच सैन्याच्या याद्या आल्या असतील. मुद्दाम कोणी केले असे म्हणण्याचे मला धैर्य नाही. पण परिणाम तोच होतो.

४. युद्धात ज्यांनी माणसे मारली त्यांना शोधावे, शिक्षा करावी. त्यांत आमच्यासारख्या सर्ब नावांचे लोक होते. ते आठवले की मला मान वर करता येत नाही. मिलुतिनवर तसा आरोप आपणही केलेला नाही. तो म्हणतो, “मास्तर, युद्धात मी फक्त पाव जाळले, तेही दोनदाच.” दि. १९ नोव्हेंबरच्या सुनावणीत निकाल विरुद्ध गेला तर त्याला परत पाठवतील. तिथे त्याचे घर उरलेले नाही. त्याच्या बायकोची, स्तोयाची, कबर इथे आहे. दर शनिवारी तो तिथे ताजा पाव ठेवून येतो.

५. मिलुतिनच्या वकीलबाई म्हणतात, “नुसत्या ‘पक्षपात’ शब्दाने न्यायाधीश हलणार नाहीत. त्या सहांची नावे द्या.” त्या सहांपैकी एक आमचा शेजारी आहे. (तो काय काम करतो हे आधीच्या प्रतीत लिहिले होते, ते खोडले आहे.) त्याला हे कळले तेव्हा तो मिलुतिनच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. म्हणाला, “लिही माझं नाव, मास्तर. मला कुणी विचारतच नाही, अपमान वाटायला लागलाय.” मिलुतिनने त्याच्यापुढची कॉफी उचलली आणि मला म्हणाला, “याचं नाव दिलंस तर माझ्या दारात पाय ठेवू नकोस.” शेजारी म्हणाला, “कॉफी ठेव खाली. भांडण मास्तरशी आहे, कॉफीशी नाही.” दोघांनीही माझ्याकडे पाहिले. मी चष्मा पुसत बसलो.

६. सहांनाही पकडले तर न्याय समान होईल, हे मला कळते. तो मी मागत नाही. ते सहा अर्ज माझ्याच अक्षरात आपल्या कपाटात असतील. कृपया ते शोधू नयेत. पक्षपाताचा पुरावा कुठे आहे ते सांगून तो पाहू नका म्हणणारा अर्ज आपल्याकडे याआधी आला नसेल. मला दुसरे काही सुचलेले नाही.

७. तरी मिलुतिन व इतर चौघांवरील आरोप मागे घ्यावेत. ते शक्य नसल्यास खोटी माहिती लिहिल्याबद्दल माझ्यावर आरोप ठेवावा. अधू दृष्टीमुळे मला कोणत्याच सैन्याने घेतले नाही, त्यामुळे मी कुठल्याच यादीत सापडणार नाही. राहण्याचा पत्ता खाली आहे. मी घरीच असतो.

सुनावणीपूर्वी उत्तर मिळेल या आशेवर असलेला,

ओब्राद स्तानीशिच
खोली क्र. ६, ३१ मिलर रस्ता, वॉलकट
दि. ५ नोव्हेंबर २००७

सोबत :
(१) शब्दकोशातील ‘सैन्य’ या शब्दाच्या पानाची प्रत.
(२) मिलुतिनचा गणवेशातील फोटो, सन १९७९.
(३) अकरा जणांची यादी. जोडलेली नाही.

साक्षीदार :
(जागा कोरी आहे. शेजाऱ्याने इथे पूर्ण नावाने सही केली होती. तो गेल्यावर मी हा अर्ज पुन्हा पहिल्यापासून लिहून काढला.)