चिमट्यातली स्प्रिंग

दि. १२ ऑगस्ट

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. अक्षर बघून चष्मा पुसत बसू नकोस, मीच आहे, तुझा ठोंब्या. दोन वर्षांनी लिहितोय, तीन कागद फाडून झाले. इकडे सगळं ठीक. पोरीची परीक्षा संपली, आता ती दिवसभर लोळते. दुकानही चालू आहे. लोक वेळ मोबाइलवर बघतात, पण आजोबांचं घड्याळ बंद पडलं की माझ्याकडेच येतात.

योगवर्गाच्या जाहिरातीचा तो कागद तू पाठवला होतास, हे मला परवा कळलं. मी आपलं हिचं कौतुक करत होतो. तर ही म्हणाली, "मी कसली? यांना झोप लागत नाही असं ताईंना नुसतं बोलले, दुसऱ्या दिवशी कागद हजर." माझ्याशी बोलत नव्हतीस आणि माझ्या झोपेची काळजी करत होतीस. कमाल आहे तुझी.

वर्ग छान आहे. शिकवणाऱ्या बाई पूर्वी नर्स होत्या, आवाज अजून वॉर्डातलाच. पहिल्याच दिवशी मी शवासनात घोरायला लागलो. शेजारच्या पोस्टमास्तरांनी ढोसलं, तर बाई म्हणाल्या, "झोपू द्या हो, त्यासाठीच आलेत ते."

तिसऱ्या आठवड्यात त्या माझ्या उशाशी येऊन उभ्या राहिल्या. "अहो घड्याळवाले, श्वास का धरून ठेवता?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरली की आम्ही श्वास रोखतो. नाहीतर ती जी उडते, ती पुन्हा सापडत नाही. तीस वर्षं हेच केलं. मग जेवताना, चालताना, अंथरुणावरसुद्धा मी श्वास धरूनच असायचो. आता सोडायला शिकलोय. गाढ झोपतो. सकाळी उठल्यावर खिडकीतल्या उन्हाकडे बघत पाच मिनिटं नुसता बसतो आणि उगाचच बरं वाटतं.

वर्ग संपताना डोळे मिटून रोज एकाचे मनातल्या मनात आभार मानायचे असतात. मी आईचे मानले, हिचे मानले, पोस्टमास्तरांचेसुद्धा मानले. तुझा चेहरा समोर आला की मात्र श्वास परत अडकायचा. का, ते मला चांगलं ठाऊक होतं.

ताई, त्या दुपारी माझा फोन बंद नव्हता.

समोर टेबलावर वाजत होता. तुझं नाव दिसत होतं. चिमट्यात स्प्रिंग होती. म्हटलं, एवढी बसवतो आणि करतो. तीनदा वाजला. स्प्रिंग बसली, घड्याळ सुरू झालं, आणि मग मी तुला फोन केला. आई गेली होती. तिला फक्त माझा आवाज ऐकायचा होता, तू फोन तिच्या कानाशी धरून बसली होतीस.

आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, चार्जिंग संपलं होतं, कुणाला तरी दुकानात धाडायचं होतंस. तू म्हणालीस, "अरे, रिंग जात होती." मी म्हणालो, "खोटं बोलू नकोस." तू माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि गप्प झालीस. तुला त्याच क्षणी कळलं होतं, हो ना? तरी मावशीची बोलणी खाल्लीस, काकांची खाल्लीस, आणि माझी लाज राखलीस.

मला लाज वाटते, ताई. माझं चुकलं. मावशीला आणि काकांना हेच सगळं लिहून पाकिटं बंद केली आहेत, या पत्राबरोबरच टाकतो. काल वर्गात तुझे आभार मानले. डोळ्यांतून पाणी आलं, पण श्वास चालू राहिला.

फोन करायचा की नाही ते तू ठरव. केलास तर पहिल्या रिंगला उचलीन. चिमट्यात काहीही असो, उडालं तर उडालं.

तू खरं बोलत होतीस, हे ठाऊक असलेला,
तुझा ठोंब्या