तिघींसाठी मध

९ मार्च
आज बोललेच मी! डॉक्टरांकडून येऊन आठवडा झाला, माझा नवरा साकेल्लारिस त्यावर चकार शब्द काढत नाही. त्याच्या हृदयाची झडप बदलायला अथेन्सला जायचं. ऑपरेशन निभावलं तर पंधरा-वीस वर्षं, नाही निभावलं तर टेबलावरच सगळं संपलं. केलंच नाही तर दीड-दोन वर्षं, पण ती आपल्या बेटावर, शांतपणे. मी म्हटलं, जाऊ या. तो फळीवर रंधा मारत होता. मान वर न करता म्हणाला, "जे लिहिलंय ते लिहिलंय." चाळीस वर्षं नावा बांधतोय हा माणूस! फळी वाकत नसेल तर वाफ देऊन वाकवतो, तेव्हा नाही म्हणत की ती सरळच लिहिली होती.

१४ मार्च
हल्ली शाळेतून आले की त्याच्या कारखान्यात जाऊन बसते, अंधार पडेपर्यंत समजावते. आज वर्गात युद्धाच्या महाकाव्यातला तो भाग होता. समुद्रदेवीनं आपल्या मुलाला सांगून ठेवलंय — रणात राहिलास तर लवकर मरण आणि मोठं नाव, घरी परतलास तर लांब आयुष्य आणि नाव विसरलेलं. मी मुलांना विचारलं, मग यात दैव कुठं आलं? शेवटच्या बाकावरची फिलिओ म्हणाली, रस्ते दोन्ही दैवानं आखले, पण चालायचं कुठल्यावर ते त्याचं त्यानं ठरवलं. घरी येऊन हे सगळं साकेल्लारिसला रंगवून सांगितलं. तो म्हणाला, पोरगी हुशार आहे, तिला चांगले मार्क दे. बस्स, एवढंच!

१५ मार्च
बोलणं नाही. मसुरीचं सूप.

१९ मार्च
आज मीच तोंडावर पडले. देवांच्या राजाची गोष्ट काढली. रणांगणावर त्याचा स्वतःचा मुलगा मरणार असतो. वाचवावं का, म्हणून तो घुटमळतो. राणी म्हणते, वाचव हवं तर, पण बाकीचे देव गप्प बसणार नाहीत. मग तो रक्ताचा पाऊस पाडतो आणि मुलाला जाऊ देतो. माझा मुद्दा असा की वाचवणं त्याच्या हातात होतं, त्यानं वाचवलं नाही. साकेल्लारिस हसला.

"देवांच्या राजाला स्वतःचं पोर वाचवता आलं नाही, आणि तू मला वाचवणार, मास्तरीणबाई?"

स्वयंपाकघरात जाऊन रडले. मला वाद जिंकायचाच नाहीये. मला तो हवाय.

२६ मार्च
आर्गिरोला मुलगी झाली! दोघी सुखरूप. आमची लेक आई झाली आणि मी आजी. साकेल्लारिस दिवसभर उगाचच खोकत हिंडतोय.

२९ मार्च
बाळ तीन दिवसांचं झालं. आज तिघी मोइरा, दैवाच्या देवी, येऊन तिचं नशीब लिहिणार, म्हणून पाळण्याशेजारी टेबल मांडलं — पाव, बदाम, मध. कुत्रा बांधणं, दाराची कडी काढून ठेवणं, सगळं साकेल्लारिसनंच केलं. मी चमचाभर मध ठेवला होता, त्यानं बरणीच उपडी केली. आर्गिरो अंथरुणातून बघत होती.

"बाबा, सगळं ठरलेलंच असेल तर एवढा मध कशाला?"

"लिहिताना त्यांचा हात जरा हलका पडावा म्हणून."

"म्हणजे फरक पडतो तर. मग स्वतःच्या वेळी का हात बांधून बसलायस?"

तो बाळाची मूठ धरून बसला. शाब्बास गं माझ्या लेकी, मी मनात म्हटलं.

३० मार्च
कॉफी पिता पिता म्हणाला, जाऊ या. फोनही त्यानंच केला, बाहेर जाऊन. सात एप्रिलची तारीख मिळाली, इतक्या लवकर! नशीबच म्हणायचं — आणि हे मी लिहितेय!

५ एप्रिल, बोटीत
बेट दिसेनासं झालं आणि माझं अवसानच गळालं. काही बरंवाईट झालं तर? मीच त्याच्या मागं लागले, मीच त्याला घराबाहेर काढलं. त्याला म्हटलं, परत फिरू, दीड वर्ष तर दीड वर्ष. त्यानं तीळ लावलेलं पावाचं कडं मोडून अर्धं माझ्या हातात दिलं आणि खा म्हणाला. मी ते रुमालात गुंडाळून ठेवलं.

७ एप्रिल
साडेसातला आत नेलं. वर्गात मोठ्या तोंडानं सांगते, माणूस आपलं आपण ठरवतो. त्याचं तर मी ठरवलं.

८ एप्रिल
शुद्धीवर आला! डॉक्टर म्हणाले, सगळं नीट झालं. कागदांवर सही करताना दिसलं — ऑपरेशनची तारीख तीन मार्चलाच घेतलेली, त्यानं स्वतः फोन करून. आमच्या पहिल्या भांडणाच्याही आधी! शेजारी लिहिलेलं, 'नात किंवा नातू झाल्यानंतरची हवी.' मी विचारलं, मग महिनाभर माझ्याशी वाद का घालत बसलास?

डोळे मिटूनच म्हणाला, "रोज येऊन शेजारी बसायचीस. लगेच हो म्हटलं असतं, तर उठून गेली असतीस."