बायनाबाईच्या गाण्याबाबत हेमराज बोरकुटे याचे लिहून देणे

मी, हेमराज डोमाजी बोरकुटे, वय ६६, धंदा लग्नांचे व्हिडिओ शूटिंग आणि आयुष्यात एकदा सिनेमा, राहणार सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर, लिहून ठेवतो की आज माझी शुद्ध शाबूत आहे. फुप्फुसे शाबूत नाहीत, पण कायद्याला डोके पुरते असे माझ्या वकील अ‍ॅड. पुनम नाकाडे म्हणाल्या. लिहिण्यासाठी माझ्यावर कोणाचे दडपण नाही. लिहू नये असे मात्र मुलाचे आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि आणखी एकदा करण्याची ताकद उरलेली नाही.

कलम १. सिंदेवाहीतले दोन खोल्यांचे घर आणि बँकेत जे काही असेल ते पत्नी कमळा हिचे. मी सिनेमाच्या नादात होतो तेव्हा हे घर तिच्या शिलाई मशीनवर चालले. तिच्यानंतर ते मुलाकडे जावे.

कलम २. स्टुडिओ, दोन्ही कॅमेरे, दिवे आणि गावोगावच्या लग्नांच्या साऱ्या कॅसेटी व सीडी मुलगा निकेश याला. नवरी रडू लागली की कॅमेरा तिच्या तोंडाजवळ नेऊ नये, असे मी त्याला शिकवले होते. तो नेतो. लोकांना तेच आवडते म्हणतो. आता मी वाद घालत नाही.

कलम ३. मंडप डेकोरेशनवाले गुणवंतराव यांच्याकडे माझी कॅमेऱ्याची जर्मन तिपाई अकरा वर्षांपासून आहे. आपल्याकडे नाही असे ते शपथेवर सांगतात आणि तिच्यावर स्वतःचा फोकस लावतात. ती त्यांच्याकडेच राहू द्यावी. मला माहीत होते, एवढे त्यांना सांगावे.

कलम ४. माझ्या सिनेमाविषयी. बोडीटोल्याच्या बायांच्या रोवणीवर, म्हणजे भातलावणीवर, मी दोन वर्षे खपून पाऊण तासाचा माहितीपट केला. त्याच्या परवानग्यांची फाईल कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. त्यात वनविभागाचे पत्र आहे, पोलीस ठाण्याचे आहे, ग्रामसभेचा ठराव आहे. ड्रोन उडवलाच नाही, तरी त्याचेही आहे. चिखलणीच्या दृश्यात बैलजोडी दिसते म्हणून बैलांसाठीही परवानगी लागली. गुरांच्या डॉक्टरांकडे मी तीन चकरा मारल्या. बैल धडधाकट असून त्यांना चित्रीकरणाचा त्रास झालेला नाही, असे सहीशिक्क्यानिशी लिहून आणले. बायनाबाईची सही त्या फाईलीत कुठेच नाही.

बायनाबाई लहानू रामटेके ही बोडीटोल्याच्या रोवणीत गाणे उचलणारी. आमच्या झाडीपट्टीत एक बाई ओळ उचलते, बाकीच्या झेलतात, आणि दुसऱ्या वर्षी ते गाणे साऱ्या शिवाराचे होते. कोणी रचले हे कोणी विचारत नाही. पण हे गाणे तिने आपल्या मुलासाठी रचले होते. अश्वजित ट्रकवर क्लीनर होता. गडचांदूरच्या रस्त्यावर अपघातात गेला. त्याच वर्षी रोवणीत, भाताच्या बांधीत वाकल्या वाकल्या, हातात रोपांची जुडी धरून, तिने ओळ उचलली:

अश्वजित माझ्या लेका, बांधीत पानी आलं गा,
तुह्या वाट्याची जुडी मी बाजूले ठेवली गा.

बाकीच्या बायांना ती झेलायला थोडा वेळ लागला. ते सारे माझ्या कॅमेऱ्यात आहे.

नागपूरच्या एका कंपनीने सिनेमा मोबाईलवर दाखवायला घेतला. करारात गाण्याचा रकाना होता: रचणाऱ्याचे नाव आणि त्याचे संमतीपत्र. गाणे पारंपरिक असेल तर संमतीपत्राची गरज नाही. बायनाबाई तेव्हा कुरखेड्याला लेकीकडे गेली होती आणि कंपनीला कागद दोन दिवसांत हवे होते. परवानग्या गोळा करून मी पार थकलो होतो. रकान्यात ‘पारंपरिक’ लिहिले आणि खाली सही ठोकली. गाण्यात तिच्या मुलाचे नाव आहे, हे मला ठाऊक होते. कुरखेडा काही साता समुद्रापलीकडे नाही. एसटीने अर्धा दिवस लागतो.

पाच वर्षांनी कंपनीने ते गाणे एका जंगल रिसॉर्टच्या जाहिरातीला दिले. आवाज दुसऱ्या बाईचा, आणि ‘अश्वजित माझ्या लेका’च्या जागी ‘पाहुण्या माझ्या राजा’. बायनाबाईने ते बाजारात, मोबाईलच्या दुकानासमोर ऐकले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या ओट्यावर येऊन बसली. कमळाने दिलेला चहा तिने घेतला नाही.

“हेमराजभाऊ,” ती म्हणाली, “गाणं ठेवलं अन् माह्या पोराचं नाव काहाडलं. काऊन?”

मी करार वाचून दाखवला. पारंपरिक म्हणजे काय, तिने विचारले. मी म्हणालो, “म्हणजे कोना एकाचं नाई, सगळ्यांचं.”

“मंग अश्वजितही सगळ्यांचाच मेला का?”

 

मी कंपनीला दोन पत्रे लिहिली. करार अंतिम आहे, तुमचीच सही आहे, असे उत्तर आले. कोर्टात जायला हवे होते. गेलो नाही, कारण मला भीती वाटली. हे कारण मी कोणाला सांगितले नव्हते, इथे सांगतो.

कलम ५. म्हणून मी शुद्धीवर असताना जाहीर करतो की वरील गाण्याचे शब्द आणि चाल बायनाबाई लहानू रामटेके हिने रचली आहे. ते पारंपरिक नाही. करारात मी खोटे लिहिले, आणि ते जाणूनबुजून लिहिले. पुनमताई म्हणतात, स्वतःच्या विरुद्ध लिहिलेल्या कबुलीला कोर्टात वजन असते. या कबुलीवरून कंपनी माझ्या मालमत्तेवर दावा लावू शकते, हेही त्यांनी सांगितले. निकेश म्हणाला, “बाबा, काऊन आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊन राह्यले तुमी? मी काम कुठून आनू?” त्याचे चुकत नाही. त्याची निम्मी कामे त्याच कंपनीकडून येतात. मी पेन खाली ठेवले होते. कमळा आतून म्हणाली, “लिवा तुमी. घराले मी पाहून घेईन.” तिने मशीन थांबवलेही नाही.

कलम ६. सिनेमातले माझे जे हक्क कंपनीकडे गेलेले नाहीत ते निकेशला, पण एका अटीवर. नामावलीतला ‘पारंपरिक’ हा शब्द काढून तिथे बायनाबाईचे नाव घातल्याशिवाय त्याने सिनेमा कुठेही दाखवू नये, शाळेतसुद्धा नाही. न पाळल्यास ते हक्क बोडीटोल्याच्या ग्रामसभेकडे जावेत. निकेश, हा तुझ्यावरचा अविश्वास नाही. मी स्वतः काय केले ते पाहिले आहे, म्हणून लिहितो.

कलम ७. मूळ चित्रीकरणाची काळी हार्ड डिस्क, जिच्यात बायनाबाई गाणे कसे सुचले ते सांगते, ती आणि त्या गाण्याचे सर्व हक्क मी बायनाबाईला देतो, असे पहिल्या मसुद्यात होते. ते मी खोडले आहे. काल तिला बोलावून मसुदा वाचून दाखवला. साक्षीदार म्हणून तिने सही करावी अशी माझी फार इच्छा होती. पुनमताई म्हणाल्या, जमणार नाही. मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, नाहीतर कोर्टात मृत्युपत्रावरच शंका घेतली जाते. बायनाबाईने एक काही तरी निवडावे.

बायनाबाईने विचार करायलाही वेळ घेतला नाही. “हा मले काय देते, बाई? गाणं माहंच हाय. त्याचं असतं तं देल्लं असतं. आना, मी सही करतो.”

पुनमताईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, “बरोबर आहे त्यांचं.” तेव्हा गाण्याचे हक्क या मृत्युपत्रात कोणालाही दिलेले नाहीत, कारण ते माझे नव्हते. हार्ड डिस्क कालच तिच्या हाती दिली. ती तिने पदरात बांधून नेली.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम अ‍ॅड. पुनम नाकाडे यांच्याकडे. वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. त्यांनीही माझ्या देखत केली.

सिंदेवाही, दिनांक १९ नोव्हेंबर २०२४

(सही) हेमराज डोमाजी बोरकुटे

साक्षीदार १: (सही) वामनराव कोलूजी गहाणे, निवृत्त पोस्टमास्तर, सिंदेवाही.

साक्षीदार २: (सही, स्वतःच्या हाताने, सावकाश) बायनाबाई लहानू रामटेके, वय ६८, राहणार बोडीटोला. व्यवसाय: शेतमजुरी. ‘आनखी लिवा’ असे तिने सांगितल्यावरून पुढे वाढवले: व गाणी रचणे. अश्वजितची आई.