भरीव संच

जळगाव, ६ जुलै २०२५

ती. चेलनाताईस अनुजचा शि. सा. न. वि. वि.

घरातला प्रत्येक शब्द खाली बाऊजींच्या पेढीवर ऐकू जातो, म्हणून फोन न करता लिहितोय. ताई, माझं उजवं मनगट कामातून गेलंय. गोल्फचा चेंडू काठीच्या पात्याच्या मधोमध बसला तर ठीक, नखभर इकडेतिकडे लागला की झटका कोपरापर्यंत जातो. असे झटके बसत राहिले तर लिगामेंट तुटेल आणि खेळ संपेल, असं डॉक्टर म्हणाले.

पुण्याची निवड स्पर्धा ऑगस्टमध्ये आहे. तीत निवड झाली तर खेळाडू, नाहीतर जन्मभर पेढीची गादी. पट्टीचे खेळाडू भरीव, पातळ पात्याचे आयर्न, म्हणजे लोखंडी पात्याच्या काठ्या, वापरतात, मीही तेच वापरत आलो. आता मात्र मागून कोरलेल्या पात्यांचा संच निवडलाय. तो चुकलेला फटका सांभाळून घेतो आणि हातही वाचवतो. असले आयर्न बहुतेक नवशिके घेतात, म्हणून निवडताना रडू आलं.

संच बाऊजी मागवणार आहेत. मनगटाचं त्यांना सांगू नकोस, तुला माझी शपथ. माझे कप ते अख्ख्या सराफ बाजाराला दाखवत असतात.

भाच्यांना पापा. लोभ आहेच, सध्या थोडा जास्त असू दे.

तुझा, अनुज

जळगाव, २५ जुलै २०२५

चि. सौ. चेलनास अनेक आशीर्वाद. जय जिनेंद्र.

फोनवर तुझं निम्मं मला ऐकू येत नाही आणि निम्मं तू सांगत नाहीस, म्हणून हे पत्र. अनुजने दिलेलं चित्र पाहिलं. पाती मागून कोरलेली! पोरगा माझा खर्च वाचवायला पोकळ माल मागत होता. मी सोन्यात केस पांढरे केलेत, पोकळ पाटल्या कोण घेतं ते मला कळतं. मुरलेले खेळाडू काय वापरतात, असं मुंबईच्या दुकानदाराला विचारलं. तो भरीव म्हणाला. अनुजला न सांगता लगेच ऑर्डर बदलली.

काल गुरुपुष्य होतं. खोका उघडून एकेका पात्याला कुंकू लावलं, मोतीलालभाऊंपासून सगळ्या बाजाराला पेढे दिले. अनुजचे डोळे भरून आले. तुझी आई म्हणते, इतका आनंद त्याला कधी झाला नव्हता.

जावईबापूंना जय जिनेंद्र. या म्हाताऱ्यावर माया ठेव.

लखीचंद

धुळे, २९ जुलै २०२५

चि. अनुजला अनेक आशीर्वाद.

बाऊजींचं पत्र काल मिळालं. तुझे भाचे मामाला गिल्ली-दांडूवाला म्हणतात, ते ऐकून नेहमी हसते. काल हसू आलं नाही. तो संच परत कर, नाहीतर मला शपथेतून सोड, मी त्यांना सांगते. गुरुपुष्याला घरात आलेली वस्तू परत करत नाहीत, हे मलाही माहीत आहे. पण हात तुझा आहे रे. मला फार भीती वाटते.

उलट टपाली लिही. रागावलास तरी चालेल, पण बहिणीला विसरू नकोस.

चेलना

जळगाव, १७ ऑगस्ट २०२५

ती. ताईस शि. सा. न.

अक्षर डाव्या हाताचं आहे, सांभाळून वाच. तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण तू म्हणतेस ते खरं होतं. कुंकू लावलेली पाती बाऊजींसमोर नाकारायचं धैर्य मला झालं नाही. पुण्यात स्पर्धेच्या पहिल्या दिवशी कसाबसा तरलो. दुसऱ्या दिवशी ओल्या गवतातून चेंडू काढताना मनगटात काहीतरी तुटलं आणि काठी हातातून सुटून पडली. ऑपरेशननंतर जेवता-लिहिता येईल, पण गोल्फ नाही.

बाऊजींना मी चिखलात घसरून पडलो असं सांगितलंय. खरं कळलं तर ते स्वतःला कधीच माफ करणार नाहीत. शपथ आताही मोडू नकोस.

हात दिवाळीपर्यंत बरा होईल, अशी त्यांची खात्री आहे. हा संच लाभला नाही, म्हणून धनत्रयोदशीसाठी आज त्यांनी दुसरा मागवला. याहून भरीव. मला आवडला का विचारलं, मी हो म्हणालो.

माझ्यावर माया राहू दे.

अनुज