मी फाडलेला कागद

प्रिय नरसूमामा,

आज ती दवाखान्याची बाई गाड्यावर आली आन् कोरा कागद ठेवून म्हणाली, "सुमनताई, मनात राहिलंय ते मामांनाच लिहा." मी आधी कागद उलटून पाहिला, मागं काही छापलंय का! तुम्ही असता तर खो-खो हसला असता.

हसा! माझा स्वभावच हाय तसा. नांदेड स्टेशनासमोर बाईमाणसानं चहाचा गाडा लावायचा म्हणजे कुणावर भरवसा ठेवून चालतंय का? तुम्ही चार वर्षं माझ्या गाड्यामागच्या भिंतीला पाठ लावून राहिलात. घर न्हाई, दार न्हाई, वर पोटात ती गाठ. आन् ही बाई दर मंगळवारी येऊन तुमच्याशेजारी फुटपाथावर मांडी घालून बसायची. दुखण्याची गोळी द्यायची, पाय चोळायची. फुकट! कोण करतंय हो फुकट?

विचारायची काय, तर "मामा, मनात काही राहिलंय का?" कप विसळता विसळता मी कान टवकारले. म्हणलं, देगलूरकडं म्हाताऱ्याची जमीन-बिमीन असंल, तीच काढून घ्यायला बसलीय. मग तिनं तुमची तेलुगू बोलणारी एक पोरगी आणली. तुम्ही तिघं कुजबुजायला लागलात. तुमचे डोळे गळत होते. माझ्यासमोर चार वर्षांत कधी रडलात का? लई राग आला मला.

आन् एक दिवस बाईनं लिहिलेला कागद काढला, तुमच्या अंगठ्याला शाई लावली. मी धावत आले, कागद हिसकला आन् टराटरा फाडला. "म्हाताऱ्याला लुबाडता का गं?" मामा, एक शब्द तरी बोलायचा होता ना?

तुम्ही गेलात त्या सकाळी दवाखान्यातल्यांनी मला विचारलं, जाळायचं का पुरायचं? मला काय ठाऊक! चहात साखर किती लागते ते ठाऊक, तुमच्या घरची रीत न्हाई. बाई म्हणाली, "पुरायचं. आईला माती दिली तशी मला द्या, म्हणले होते."

"कशावरून? लिहिलेलं दाखव."

"ताई, तोच कागद तुम्ही फाडला."

म्हणलं, मग मला का न्हाई सांगितलं मामानं? तर म्हणे, "मामा म्हणायचे, मरणाचं काढलं की सुमन उठून जाती."

खरं हाय. तुम्ही "आता माझं काय खरं न्हाई" म्हणलात की मी काहीतरी काम काढून उठायचे. मला भ्याव वाटायचं हो! तुम्हाला ऐकणारं माणूस पाहिजे होतं, आन् मी नुसता चहा पाजून राहिले.

शेवटी तिच्या शब्दावरच पुरलं. पहिली मूठ मी टाकली. पण खोटं कशाला सांगू, अजून मनात येतं, बाईचं ऐकण्यात चूक झाली असंल तर? आता विचारू कुणाला? ती तेलुगूवाली पोरगी बी तिचीच.

भिंतीपाशी सध्या एक म्हातारी येऊन पडलीय. बाई जवळ गेली की दगड उचलते. काल म्हातारी मला म्हणाली, "मी मेल्यावर..." मी उठले होते मामा. पण परत खाली बसले. तिचं सगळं ऐकून घेईन, अर्ध्यातून उठणार न्हाई. शब्द देते.

तुमची,
सुमन